धुराचा कर्ता कोण?

आपल्या जुन्या तर्कशास्त्रात दोन दोष सांगितले आहेत. एकाचं नाव कृतहानि, दुसऱ्याचं अकृताभ्यागम. केलेल्या कर्माचं फळ कर्त्याला मिळालंच नाही, तर पहिला दोष. न केलेल्या कर्माचं फळ भलत्याच्याच माथी आलं, तर दुसरा. करणारा आणि भोगणारा एकच असला पाहिजे, नाहीतर नीतीला काही अर्थ उरणार नाही, असं ते तार्किक, म्हणजे नैयायिक, म्हणत आणि तेवढ्यासाठी देहापलीकडे टिकणारा आत्मा मानत. मी तत्त्वज्ञान शिकलेलो नाही. माझं आयुष्य भोसरी एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये गेलं. या दोन शब्दांची गरज मला भट्टीमुळे पडली, कारण कार्बन हे दोन्ही दोष रोज राजरोस करतो.

आमचं काम असं. चाकणच्या बाजूने गिअरचे जॉब येतात. पोलाद मऊ असतं, त्यात कार्बन साधारण 0.2 टक्के. तसेच गाडीत घातले तर दात झिजतील, आणि सगळा गिअर कडक केला तर झटक्यासरशी तुटेल. म्हणून गाभा मऊ ठेवायचा आणि फक्त वरच्या थरात कार्बन मुरवायचा. भट्टी 920-930 अंशांवर, आत थेंबथेंब मिथेनॉल, जोडीला थोडा एलपीजी. त्यातून सुटा झालेला कार्बन तापलेल्या पोलादात शिरतो. काही तासांत पृष्ठभागावरचं प्रमाण 0.8 टक्क्यांच्या आसपास जातं आणि कार्बन मिलिमीटरभर खोल उतरतो. मग तेलात क्वेंचिंग. केस डेप्थ, म्हणजे कार्बन मुरलेल्या थराची खोली, दुप्पट हवी असेल तर वेळ चौपट लागतो. हा नियम नवा पोरगा पहिल्याच आठवड्यात शिकतो, कारण गिऱ्हाईक घाई करतं आणि कार्बन घाई करत नाही.

भट्टीच्या वरच्या नळीवर एक ज्योत कायम जळत असते. न मुरलेला वायू तिथे पेटवून द्यावाच लागतो, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड शेडमध्ये पसरेल आणि माणसं मरतील. जुना ऑपरेटर त्या ज्योतीचा रंग बघून आत काय चाललंय ते सांगतो. भट्टीला पाजलेल्या कार्बनचा फार थोडा भाग गिअरमध्ये जातो. बाकीचा या नळीतून आकाशात.

आता हिशोब बघा. गिअरमध्ये गेलेल्या कार्बनची आम्ही पत्रिका मांडतो. प्रत्येक चार्जला, म्हणजे भट्टीत एका वेळी घातलेल्या मालाला, नंबर. लॉगशीटवर तापमान, वेळ, मिथेनॉल किती, शिफ्ट कोणती, सही कोणाची. सोबत टेस्ट पीस, त्याचा हार्डनेस, त्याची केस डेप्थ. काही वर्षांनी कुठल्यातरी घाटात एखाद्या गाडीचा दात तुटला, तर कागद उलटे चाळत गिऱ्हाईक थेट आमच्या भट्टीपाशी आणि त्या रात्रीच्या ऑपरेटरपाशी येऊन उभं राहतं. याला ट्रेसेबिलिटी म्हणतात. मला ती कर्मसिद्धांताची चाकणी आवृत्ती वाटते. केलेलं चुकत नाही, न केलेलं अंगावर येत नाही. नैयायिकांनीही मान डोलावली असती. पण नळीतून गेलेल्या कार्बनला चार्ज नंबर नाही. तो गेला तो गेला.

आमच्या चिंचवडगावात एक कीर्तनकार बुवा आहेत. संध्याकाळी मोरया गोसावींच्या समाधी मंदिरामागे, पवनेच्या घाटावर आमची बैठक असते. हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “साहेब, देह पंचमहाभूतांचा. ज्याचं त्याला परत जातं. तुमच्या कार्बनचं एवढं काय घेऊन बसलात?”

“परत जातं हे कबूल, बुवा. पण कुठे जातं ते तरी बघू.”

साठ किलोच्या माणसात कार्बन साधारण अठरा टक्के, म्हणजे अकरा किलोच्या आसपास. तिसऱ्या दिवशी आपण सावडायला जातो आणि अस्थी गोळा करून आळंदीला इंद्रायणीत सोडतो. त्या अस्थी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. कार्बन त्यात जवळजवळ नसतोच. तो पहिल्याच संध्याकाळी, आपण अंघोळ करून घरी पोचायच्या आत, चाळीसेक किलो कार्बन डायऑक्साइड होऊन वर गेलेला असतो. मडक्यात जे येतं ते माणसाचं खनिज. मांस, मेंदू, रक्त, ज्या ओठांनी त्याने हाका मारल्या ते ओठ, हे सगळं वाऱ्यावर. वर्षा-दोन वर्षांत ते पृथ्वीभरच्या हवेत मिसळतं, आणि त्यातलं काही पुढे कुठल्यातरी शेतातलं पान ओढून घेतं. पानाला बांधायचं साहित्य मातीतून फारसं मिळत नाही, ते हवेतूनच घ्यावं लागतं. सतराव्या शतकात फान हेलमाँटने कुंडीत विलो वाढवून पाहिला. पाच वर्षांत झाड मणांनी वाढलं आणि मातीचं वजन जेमतेम काही तोळ्यांनी घटलं. त्याला वाटलं, झाड पाण्याचं बनतं. झाड मुख्यतः हवेचं आणि पाण्याचं बनतं, हे कळायला पुढे दीडेकशे वर्षं गेली.

बुवा हसले. म्हणाले, “हे तर आमच्याकडे आहे.”

आणि आहे, हे मान्य करायला हवं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अंत्यविधीचं एक सूक्त आहे. त्यात मृताच्या डोळ्याला सूर्याकडे, श्वासाला वाऱ्याकडे जायला सांगितलं आहे, आणि अवयवांनी वनस्पतींत वस्ती कर असंही. छांदोग्य उपनिषद आणखी पुढे जातं. श्वेतकेतू पांचालांच्या सभेत जातो. प्रवाहण जैवलि हा राजा त्याला पाच प्रश्न विचारतो. त्यातला एक प्रश्न असा, की इतकी माणसं मरतात, तरी तो परलोक भरून कसा जात नाही? पोराला उत्तर येत नाही. तो घरी येऊन बापावर रागावतो. बाप उद्दालक आरुणि म्हणजे त्या काळचा मोठा पंडित, पण त्यालाही येत नाही. तो मुकाट्याने राजाकडे शिकायला जातो. राजा सांगतो तो रस्ता असा: चितेच्या धुरातून वर, चंद्रापर्यंत, तिथून परत आकाशात, वाऱ्यात, पुन्हा धूर, धुकं, ढग, पाऊस. पावसातून भात, जव, तीळ, उडीद, झाडंझुडपं. मग कोणीतरी ते अन्न खातो, आणि त्यातून नवा देह. या अन्नातून बाहेर पडणं फार अवघड, असंही राजा सांगून ठेवतो.

चंद्राचा मुक्काम सोडला, तर कोणत्याही शाळेच्या भिंतीवर टांगलेला कार्बनचक्राचा तक्ता याहून वेगळं काय सांगतो? म्हणून मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचलं. आणि भाताच्या रोपाच्या लगेच पुढच्या वाक्याला अडखळलो. तिथे उपनिषद म्हणतं, ज्यांचं वर्तन चांगलं ते ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांच्या योनीत जातात. ज्यांचं वाईट ते कुत्र्याच्या, डुकराच्या, चांडाळाच्या. पावसापर्यंतचा रस्ता पाहून लिहिला आहे आणि पुढचा हिशोब समाजाकडे बघून भरला आहे, असं माझं स्पष्ट मत झालं. पाऊस कोणाच्या शेतात पडायचं ते वर्तन बघून ठरवत नाही, आणि भाताचं रोप आपल्यात कोणाचा देह आला ते विचारत नाही.

बुवांनी यावर चांगला मुद्दा मांडला. “कार्बन स्थूल. कर्म सूक्ष्म. हिशोब सूक्ष्मात चालतो. तुम्ही स्थूलात शोधताय, म्हणून सापडत नाही.”

मुद्दा टाळण्यासारखा नाही. तेव्हा कार्बनला काय लक्षात राहतं, हे आधी नीट बघू. काही गोष्टी राहतात. ज्वारी, बाजरी, ऊस, मका यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत गहू-तांदळाहून वेगळी असते, त्यामुळे त्यांच्यात जड कार्बन, म्हणजे तेरा वजनाचा, थोडा जास्त येतो. आयुष्यभर भाकरी खाल्लेल्या माणसाच्या हाडांत हा फरक उतरतो, आणि उत्खननात सापडलेल्या हाडांवरूनही तो ओळखता येतो. भाकरीची आठवण हाडांत राहते. भाकरी वाटून खाल्ली की दार लावून, याची राहत नाही. सूक्ष्मात कुठे राहत असेल तर ते बुवा जाणोत, पण कार्बनजवळ कर्त्याचं नाव नाही, इतपत माझी खात्री आहे.

तरी एवढ्यावर मी अस्वस्थ झालो नसतो. माणूस मेला, धूर झाला, पान झालं, भाकरी झाली, पुन्हा माणूस झाला. कोणी काही गमावलं नाही. आमच्या या पट्ट्यात तर मरणाच्या वेगळ्या वाटाही नांदतात. देहूला तुकोबा सदेह गेले, आळंदीला ज्ञानोबांनी 1296 साली संजीवन समाधी घेतली, चिंचवडला मोरया गोसावींनी घेतली. तिघांनाही अग्नी नाही. आळंदीच्या अजानवृक्षाची कथा तर सगळ्यांना माहीत आहे. त्याची मुळी ज्ञानोबांच्या गळ्याला लागली, त्यांनी एकनाथांना दृष्टांत दिला, नाथांनी येऊन मुळी दूर केली आणि पुढे ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, असं परंपरा सांगते. मी बुवांना म्हटलं, मुळी पाण्यासाठी आणि क्षारांसाठी आली असेल. देह बांधायचा कार्बन त्या झाडाने आळंदीच्या हवेतून घेतला, म्हणजे समोरच्या वारकऱ्यांच्या श्वासातूनही. एक माणूस दिवसाला किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो. शेकडो वर्षांचं नामस्मरण त्या हवेत गेलं आहे. हे बुवांना इतकं आवडलं, की पुढच्या कीर्तनात त्यांनी ते घेतलं.

माझी अस्वस्थता दुसऱ्या कार्बनची आहे.

मी या धंद्यात आलो तेव्हा काही ठिकाणी जुनी पद्धत चालू होती. लोखंडी डब्यात जॉबभोवती लाकडी कोळशाची भुकटी ठासायची, झाकण मातीने लिंपायचं आणि डबा भट्टीत सारायचा. तो कार्बन एखाद्या झाडाचा असे, फार तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हवेतून घेतलेला. जळला तरी तो घेतलेलंच परत देई. आजचं मिथेनॉल बहुतेक नैसर्गिक वायूपासून बनतं, एलपीजी खनिज तेलाच्या नाहीतर वायूच्या शुद्धीकरणातून येतो, आणि भट्टी तापवणारी वीज मुख्यतः कोळशाची. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता एकट्याची 2,920 मेगावॉट. तो कोळसा गोंडवन या प्राचीन महाखंडावरच्या जंगलांचा, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीत गाडलेल्या. डब्यातला गिअर आणि आजचा गिअर कडकपणात सारखेच भरतात. हार्डनेस टेस्टरला त्यांत फरक दिसत नाही. मला दिसतो.

उपनिषदात दोन वाटा आहेत. धुराच्या वाटेने गेलेला परत येतो. दुसऱ्या वाटेने गेलेला परत येत नाही, त्याची आवृत्ती संपली. गोंडवनाचा कार्बन त्या दुसऱ्या वर्गातला होता. पान, माती, श्वास, पाऊस या फेऱ्यातून सुटून तो कोट्यवधी वर्षं दगडात स्वस्थ पडला होता. आम्ही त्याला खणून, जाळून पुन्हा जन्माला घातला. जगातल्या सगळ्या धर्मांनी मुक्तीचे मार्ग सांगितले. मुक्ताला परत खेचायचा मार्ग मात्र आमच्या काळाने शोधला.

आणि या परत आणलेल्यांची नोंद हवेत आहे. जिवंत वस्तूत चौदा वजनाचा किरणोत्सारी कार्बन अगदी थोडा असतो, आणि मेल्यावर 5,730 वर्षांत तो निम्मा होतो. कोळशात त्यातलं काही उरलेलं नसतं. म्हणून कोळसा जळत गेला तसा हवेतला कार्बन या मापाने पातळ होत गेला. हान्स स्यूस या शास्त्रज्ञाने 1955 साली झाडांच्या लाकडात ते मोजून दाखवलं. 1958 पासून चार्ल्स कीलिंग हवाई बेटावर मौना लोआला हवा मोजू लागला, तेव्हा दर दहा लाख भागांत 315 च्या आसपास कार्बन डायऑक्साइड होता. कारखानदारीच्या आधी 280 होता. आज 420 च्या वर गेला आहे. म्हणजे एकेका कणाजवळ नाव नाही, पण बेरीज चुकत नाही. कर्ता पुसला गेला, कर्म मात्र राहिलं.

इथे ते दोन दोष परत समोर येतात. मी गिअर कडक केले, पैसे मिळवले, चिंचवडला फ्लॅट घेतला, पोरं शिकवली. माझ्या नळीतून गेलेल्याचं फळ मला मिळालं नाही, ही कृतहानि. तिकडे खेड तालुक्यातल्या शेतकऱ्याचा कांदा काढणीला आला असताना अवेळी पाऊस पडतो, आणि चाकणच्या बाजारात माल येतो तो भिजका. पाऊस पूर्वीही चुकायचा. एखादी सर कोणाच्या धुरामुळे आली, हे कोणी सांगू शकत नाही. पण हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, आणि जोराचे पाऊस वाढतात, हे ठरलेलं आहे. ज्याने कधी भट्टी पेटवली नाही त्याच्या अंगणात थोडं का होईना, ते फळ पडतं. अकृताभ्यागम. अजून न जन्मलेल्यांच्या अंगणात तर किती पडेल! या दोषांमुळे नैयायिकांनी आत्म्याला टिकाऊ ठरवलं. पण माझा आत्मा कितीही टिकाऊ असला, तरी तो कांदा भिजला त्याचा. गणित सुटत नाही.

बुवांनी मग शेवटचं हत्यार काढलं. संचित, प्रारब्ध, क्रियमाण. “त्या शेतकऱ्याचं काही प्रारब्ध असेल, म्हणून त्याच्या वाट्याला आलं.” हे मात्र मी ऐकून घेतलं नाही. “बुवा, धूर माझा आणि प्रारब्ध त्याचं, ही वाटणी मला फार सोयीची आहे. म्हणूनच ती खोटी असणार.” ते गप्प झाले. मग म्हणाले, “हे खरं आहे.”

उत्तराच्या जवळ नेणारी गोष्ट मला बौद्धांकडे सापडली. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला ज्या राजाचं नाव दिलं, त्या मिलिंदाचा नागसेन भिक्षूशी संवाद आहे. राजा विचारतो, टिकणारा आत्माच नाही, तर पापाचं फळ कोणाला? नागसेन दाखले देतो. त्यातला एक असा: थंडीत एकाने शेकोटी पेटवली, शेकून घेतलं आणि न विझवता निघून गेला. आगीने दुसऱ्याचं शेत जळालं. आता हा म्हणू लागला, मी पेटवली ती आग वेगळी, शेत जाळलं ती वेगळी. राजा त्याला सोडील का? नाही सोडणार, कारण ही आग त्याच आगीतून निघाली. इथे फळ कर्त्याकडे फिरून यायची वाट बघितलेली नाही. आग कुठवर गेली तिथवर जबाबदारी गेली. टिकतो तो कर्ता नव्हे, टिकते ती साखळी. माझ्या नळीवरच्या ज्योतीला हा दाखला जसाच्या तसा लागू पडतो.

मग प्रायश्चित्त? तेही या पट्ट्यात आहे, फक्त त्याचा वेग विचारू नये. पावसात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आंबट होतं आणि सह्याद्रीचा काळा कातळ कणाकणाने झिजवतं. त्या झिजेत हवेतला कार्बन पाण्यातल्या क्षारात बांधला जातो. इंद्रायणी तो लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यापासून देहू-आळंदीवरून वाहते, तुळापूरला भीमेच्या हवाली करते. भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते, पुढे कृष्णेला मिळते, आणि समुद्रात त्याचे शंख-शिंपले आणि चुनखडी होते. दख्खनचा हा कातळ या कामात जगातल्या तरबेज दगडांपैकी आहे. नदी पाप धुते, हे माझ्या वडिलांचं म्हणणं रसायनशास्त्राच्या हिशोबाने अक्षरशः खरं निघालं. फक्त आम्ही शे-दीडशे वर्षांत केलेलं धुवायला तिला लाखो वर्षं हवीत. आणि त्याच नदीवर आम्ही आळंदीला फेस आणला. जिच्याकडे क्षमा मागायची तिच्याच तोंडावर फेस.

आता उरतं क्रियमाण, म्हणजे आज हातून होतंय ते. 2023 च्या ऑक्टोबरपासून युरोपात लोखंड-पोलाद पाठवणाऱ्यांना त्यात किती कार्बन जळाला ते लिहून द्यावं लागतं. नट-बोल्टवाले माझे दोस्त त्या फॉर्मवर वैतागलेले असतात. त्यांची कटकट खरी आहे. ज्या देशांनी दोनशे वर्षं नळ्या उघड्या ठेवल्या त्यांनी आज वही तपासावी, यात ढोंग आहेच. पण वही असणं चुकीचं नाही. ती आपली आपण, जकातीच्या धाकाशिवाय ठेवायला हवी होती.

कोणत्याही पूजेआधी आपण संकल्प सोडतो. देश, काळ, गोत्र, नाव सांगतो आणि मग कर्म सुरू करतो. कर्ता कोण हे आरंभीच, स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं, अशी ही पद्धत. फळ कोणाला मिळालं हे नंतर शोधत बसायची वेळ येऊ नये म्हणून. आमच्या लॉगशीटला मी आताशा संकल्पच मानतो, आणि तो अर्धवट आहे असंही. गिअरमध्ये गेलेल्याची नोंद त्यात आहे, तसा नळीतून गेलेल्याचा आणि विजेच्या युनिटांमागच्या कोळशाचा रकाना हवा. खाली त्याच ऑपरेटरची, त्याहून आधी मालकाची सही. रकान्याने हवा शुद्ध होत नाही, हे मला कळतं. पण जो आकडा रोज सहीखाली येतो तो कमी करावासा वाटतो. मिथेनॉलचा वेग, भट्टीचं इन्सुलेशन, अर्धा भरलेला चार्ज तसाच लावायची घाई, सगळ्यांत वाव असतो. तुटलेल्या दातासाठी आपण इतका कागद जपला तो गिऱ्हाईक दारात येईल या भीतीने. धुराचं गिऱ्हाईक दारात येणार नाही. ते दूर आहे, किंवा अजून जन्मायचं आहे. फळ कर्त्याला शोधत येत नसेल, तर कर्त्याने फळाकडे चालत गेलं पाहिजे. नैयायिकांच्या दोन दोषांवर मला सापडलेला हा एकच उपाय, आणि त्याला पुनर्जन्म लागत नाही.